‘जरा हवा बघून येतो’

मागच्या अंकात एका वाचकाने विचारले होते की, नोकरीच्या ठिकाणी कोणी न मागता आपल्यासाठी काही केले, तर त्याला माणुसकी म्हणावे की नुसता शिष्टाचार. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मी वाचकांना आपापले अनुभव कळवण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांत अपघात, ऑपरेशन, घर जळणे अशा प्रसंगी झालेल्या मोठ्या मदतीविषयी फार थोड्यांनी लिहिले आहे. बहुतेक पत्रे डब्यातल्या भाजीची, छत्रीची, कपाटाच्या किल्लीची, सुटीचा दिवस बदलून दिल्याची आहेत, आणि त्यांतली कित्येक दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. माझी नोकरीतली सत्तावीस वर्षे आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तकात वेतनवाढीची नोंद होते, रजेची होते, शिक्षेची तर तांबड्या शाईत होते. यातल्या एकाही गोष्टीची नोंद करायला मात्र तिथे रकाना नाही. म्हणूनच या वेळचे संपूर्ण सदर या पत्रांना देत आहे.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून लागले, त्याला नऊ महिने झाले. दुसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी रोकड जुळेना. ३,६०० रुपये कमी येत होते. आमच्याकडे तूट आली की ती त्याच दिवशी रोखपालाने भरायची, असा रिवाज आहे. मी तीन वेळा नोटा मोजल्या, हात थरथरायला लागले, आणि उद्या राजीनामा द्यायचा असे मनाशी ठरवूनही टाकले. आमचे ज्येष्ठ लेखापाल घरी निघाले होते. त्यांच्याशी तोपर्यंत माझे ‘नमस्कार’ यापलीकडे बोलणे नव्हते. ते दारातून परत फिरले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “नोटा पुरे आता. ३,६०० ला नवाने भाग जातो ना? मग पावत्या काढा.” पावणेआठला ती पावती सापडली. ७,३५० रुपये दिले होते आणि नोंद ३,७५० ची झाली होती. दिवाळीत मी त्यांना शर्टपीस दिले, ते त्यांनी हसून परत केले. मला वाईट वाटले. या उपकाराची परतफेड कशी करावी?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : हिशेबाचे काम न करणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करते. एखाद्या रकमेचे शेजारशेजारचे दोन अंक लिहिताना उलटे पडले, तर होणाऱ्या फरकाला नेहमी नवाने पूर्ण भाग जातो. ७३ चे ३७ झाले की फरक ३६, ५४ चे ४५ झाले की फरक ९. त्यामुळे तूट नवाच्या पटीत आली की जुने लेखापाल नोटांची बंडले बाजूला सारतात आणि थेट पावत्यांकडे वळतात. फरक नवाच्या पटीत असला म्हणजे चूक अशीच झाली असेल असे नाही, पण पहिला संशय तिथेच घ्यायचा, ही या धंद्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे.

आता त्या गृहस्थांनी काय केले ते पुन्हा एकदा नीट पाहा. ते तुमच्या समोर उभे राहिले नाहीत, खुर्ची ओढून तुमच्या बाजूला बसले. तुमच्या हातातून बंडल घेऊन त्यांनी चौथ्यांदा नोटा मोजल्या असत्या, तर त्याचा अर्थ ‘तुमच्या मोजण्यावर माझा भरवसा नाही’ असा झाला असता, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला तो सहन झाला नसता. ‘नोटा पुरे’ या दोन शब्दांत त्यांनी तुमचे मोजणे बरोबर धरले आणि चूक कागदावर शोधायला घेतली. त्यांनी तुम्हाला तास-दीड तासाच्या वेळापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट दिली. तुमच्यावर विश्वास ठेवून काम कसे करायचे, हे त्यांनी तुमच्याच खात्यावर करून दाखवले. शर्टपीस घेतले असते तर त्याचा हिशेब मिटला असता, आणि मला वाटते त्यांना तो मिटवायचा नव्हता. त्यांनी तुमचा अपमान केला असे कृपा करून मानू नका.

परतफेडीचा विचार सोडा, पण गप्पही राहू नका. टेक्सास विद्यापीठातील अमित कुमार आणि शिकागो विद्यापीठातील निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी काही वर्षांपूर्वी एक साधा प्रयोग केला. शिकागोतल्या एका उद्यानात थंडीच्या दिवसांत स्केटिंगला आलेल्या लोकांना त्यांनी गरम चॉकलेटचा एक पेला देऊ केला आणि तो हवा तर स्वतः घ्या किंवा तिथल्या कोणा अनोळखी माणसाला द्या, असे सांगितले. बहुतेकांनी तो देऊन टाकला. त्यानंतर देणाऱ्यांना विचारले की घेणाऱ्याला किती बरे वाटले असेल, आणि घेणाऱ्यांना विचारले की प्रत्यक्षात किती बरे वाटले. देणाऱ्यांचा अंदाज वस्तुस्थितीपेक्षा बराच कमी निघाला. देणारा फक्त पेल्याचा विचार करतो. घेणाऱ्याला त्या पेल्याबरोबर ‘कोणाचे तरी माझ्याकडे लक्ष गेले’ ही ऊबही मिळत असते, आणि ती देणाऱ्याच्या हिशेबात धरलेलीच नसते.

तुमच्या लेखापालांचेही तसेच असणार. त्यांच्या लेखी ती एक चुकलेली पावती होती, सापडली आणि संपली. तुम्ही दुसऱ्या दिवशी राजीनामा देणार होतात, हे त्यांना माहीत नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे आणि ती अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, चार ओळी लिहून द्या. त्यात ‘आपले उपकार मी आजन्म विसरणार नाही’ असे काही लिहू नका. तारीख लिहा, ३,६०० चा आकडा लिहा, आणि राजीनाम्याचे लिहा. तो कागद ते परत करणार नाहीत.

प्रश्न : मी एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे कंत्राटदाराचा एक कामगार आहे, अत्यंत हुशार माणूस, मशीनच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेले की नाही ते सांगतो. जून महिन्यात त्याचा पगार लांबला आणि मुलीची फी भरायची होती, हे मला दुसऱ्याकडून कळले. मी स्वतःहून त्याला पाच हजार रुपये दिले. काही दिवसांनी चहाच्या सुटीत, इतरांनाही एकमेकांना मदत करण्याची बुद्धी व्हावी म्हणून, मी ही गोष्ट सर्वांसमोर बोललो. त्याने दोन महिन्यांत पैसे फेडले, शेवटच्या हप्त्याबरोबर पेढ्यांचा पुडाही दिला. तेव्हापासून तो जेवायला माझ्या टेबलावर बसत नाही. माझे काय चुकले?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : पैसे देण्यात तुमचे काहीही चुकले नाही. मागायला लागण्याआधी दिलेत, हे तर फार चांगले केलेत. चुकले ते चहाच्या सुटीत, आणि तुमचा हेतू चांगला होता म्हणून त्या माणसाला कमी लागले असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे ‘या हाताचे त्या हाताला कळू नये’ असे म्हणतात. देणाऱ्याने बढाई मारू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. पण ती म्हण जेवढी देणाऱ्याच्या विनयासाठी आहे, तेवढीच घेणाऱ्याच्या अब्रूसाठी आहे. त्या दिवसापर्यंत तो दहा जणांत ‘आवाजावरून बेअरिंग ओळखणारा’ म्हणून ओळखला जात होता. तुमच्या एका वाक्यानंतर त्याच दहा जणांत तो ‘साहेबांनी ज्याला फीला पैसे दिले तो’ झाला. दोन महिन्यांत पाच हजार फेडायला त्याने घरात काय काय आवरते घेतले असेल, याची कल्पना करून पाहा. मला तर त्या पेढ्यांच्या पुड्याने गलबलून आले. व्याज म्हणून घ्यायला तुम्ही तयार झाला नसता, म्हणून त्याने ते पेढ्यांच्या रूपाने दिले आहे.

आमच्या आजोळी इर्जिक घालायची पद्धत होती. एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, बैल आजारी पडला किंवा घरात माणूस कमी पडले, की गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या शेतावर जात आणि एका दिवसात काम उरकून देत. मजुरी कोणी घेत नसे, पण ज्याचे शेत असे तो त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालत असे आणि पुढे दुसऱ्याच्या इर्जिकीला स्वतः जात असे. त्यामुळे ज्याच्या शेतात इर्जिक झाली त्याची मान कधी खाली गेली नाही. मदत घेणाऱ्याला देणारा होण्याची जागा त्या रीतीतच ठेवलेली होती. तुमच्या व्यवहारात ती जागा राहिली नाही, म्हणून त्याने पेढे आणले आणि टेबल बदलले.

आता ती जागा तुम्हीच करून द्या. क्षमा मागा, पण एकट्याने भेटून आणि एकाच वाक्यात: ‘त्या दिवशी चारचौघांत बोललो, ते बोलायला नको होते.’ पुढे समर्थन करू नका. त्यानंतर कधीतरी त्याच्याकडून काही घ्या, आणि ते खरोखर गरजेचे असू द्या. तुमच्या घरच्या पाण्याच्या मोटरीचा आवाज बदलला असेल, गाडी कुरकुरत असेल, तर त्याला विचारा. खोटे निमित्त काढू नका. असा माणूस आवाजावरून तेही ओळखेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याचा पगार लांबला म्हणून ही वेळ आली. महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत हातात पडले पाहिजे, ही कायद्याची सर्वसाधारण अपेक्षा आहे, आणि कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. तुम्ही पर्यवेक्षक आहात. आठ तारखेला मनुष्यबळ विभागाकडे ‘अमुक कंत्राटदाराचे वेतन झाले का’ एवढी विचारणा लेखी करणे तुम्हाला शक्य आहे. दर महिन्याला तेवढे केलेत, तर त्या कंत्राटावरच्या एकाही माणसाला फीसाठी कोणाचे तोंड बघावे लागणार नाही, आणि ते कोणी केले हे कोणाला कळणारही नाही.

प्रश्न : मी साड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रीच्या कामाला आहे. सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत उभे राहावे लागते. लग्नसराईत तर पायांना गोळे येतात. दुकानाचे वयस्कर रखवालदार काका दुपारी गिऱ्हाईक नसले की स्वतःचे स्टूल गोदामाच्या दाराआड नेऊन ठेवतात आणि आम्हा मुलींना दहा-दहा मिनिटे आळीपाळीने बसायला खुणावतात. तेवढा वेळ ते स्वतः उभे राहतात. मागच्या आठवड्यात मालकांनी ते पाहिले आणि त्यांना सर्वांदेखत बोलले. आता काकांमुळे आम्हाला आणि आमच्यामुळे काकांना त्रास नको, म्हणून आम्ही बसणे बंद केले आहे. हे बरोबर आहे का?
— चौघी मैत्रिणी, सोलापूर

उत्तर : मुलींनो, तुम्ही काकांचा विचार केलात हे योग्यच आहे, पण बसणे बंद करून त्यांच्या मनाला बरे वाटणार नाही. ज्या वयात स्वतःलाच बसायची गरज आहे, त्या वयात त्यांनी स्टूल सोडले, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. त्यांची बाजू घेण्याचा खरा मार्ग म्हणजे ते स्टूल दाराआडून उघड्यावर आणणे.

दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला बसायला मिळावे, ही मागणी काही जगावेगळी नाही. कारखान्यांत उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना, संधी मिळेल तेव्हा विसावा घेण्यासाठी बसायची सोय असली पाहिजे, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमातच म्हटले होते. दुकानांतल्या बायकांसाठी हा प्रश्न लावून धरला तो केरळात. कोळिकोडच्या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या विजी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टू’ या संघटनेतल्या बायकांनी स्वच्छतागृहासाठी आणि बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. त्यानंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांविषयीच्या कायद्यात बदल करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. तिथल्या साड्यांच्या दुकानांत आज मुलींसाठी स्टुले असणे ही मालकाची मेहेरबानी राहिलेली नाही.

आपल्या मुंबईतही एके काळी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याआधीही एखादा दयाळू जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, एखाद्या आजारी माणसाला गुपचूप घरी सोडत असेलच. पण त्या माणसाची सुट्टी त्या जॉबरच्या मनावर आणि नशिबावर अवलंबून असणार. तुमचे बसणे आज तसेच काकांच्या चांगुलपणावर अवलंबून आहे.

मालकांशी बोलताना चौघींनी एकत्र जा, दुपारच्या निवांत वेळी जा, आणि काकांचे नाव काढू नका. दोन स्टुलांची मागणी करा. गिऱ्हाईक दुकानात नसताना दोघींनी बसायचे आणि गिऱ्हाईक आले की उठायचे, एवढे स्पष्ट सांगा. मालक नाही म्हणाले, तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करता येते. तिथे नुसती माहिती विचारायला गेलात तरी कोणी गुन्हा केल्यासारखे होत नाही. आणि स्टुले आली, तर पहिल्या दिवशी त्यांतल्या एकावर काकांना बसवा.

प्रश्न : आमच्या कंपनीत ‘सौजन्य पंधरवडा’ करायचे ठरले आहे. कोणी सहकाऱ्यासाठी चांगले काम केले की ते ॲपवर नोंदवायचे, त्याला गुण मिळतील आणि सर्वाधिक गुणांना बक्षीस. संयोजन माझ्याकडे आहे. काही सूचना कराल का?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : गुण आणि बक्षीस काढून टाका, एवढीच माझी सूचना आहे. गुण लावले की लोक मदत करण्याआधी कोण पाहते आहे ते पाहतील, आणि ज्याला मदत झाली तो वाळूजच्या त्या कामगारासारखा चारचौघांत उघडा पडेल.

स्पेनमधील माद्रिद शहरातल्या एका कंपनीत काही संशोधकांनी याच्या अगदी उलट केले होते. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी थोड्या कर्मचाऱ्यांना चार आठवडे काही ठरावीक सहकाऱ्यांसाठी लहानसहान चांगल्या गोष्टी करायला सांगितल्या, आणि त्या सहकाऱ्यांना याचा पत्ता लागू दिला नाही. ज्यांना या गोष्टी मिळाल्या ते अधिक आनंदी झाले, शिवाय कोणी न सांगता ते स्वतः इतरांसाठी अधिक काही करू लागले. त्यामुळे पंधरवडा करायचाच असेल तर जाहिरात न करता करा. आणि तुमच्या हाती अधिकार असतील तर त्या पंधरवड्यात सायंकाळी सातनंतर कोणाचीही बैठक लावू नका.

प्रश्न : माझे यजमान गेल्यानंतर मी एसटीत वाहक म्हणून लागले. साडेतीन वर्षे माझी ड्यूटी बहुतेक एकाच चालककाकांबरोबर आहे. लांबची फेरी, मधल्या गावांच्या थांब्यांवर बाईमाणसाची सोय नाही. पण आमची गाडी निम्म्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर थांबायचीच. काका म्हणायचे, “ताई, जरा हवा बघून येतो, सात-आठ मिनिटे लागतील.” आणि टायरवर हातोडी मारत गाडीभोवती हिंडायचे. पंपाच्या मागे स्वच्छतागृह आहे, तेवढ्या वेळात मी जाऊन यायची. काका टायरच्या बाबतीत फार काळजी करतात, असे मी घरी मुलालाही सांगितले होते. मागच्या महिन्यात ते रजेवर गेले आणि बदली चालक आले. गाडी पंपावरून सरळ पुढे गेली. मी म्हटले, “भाऊ, हवा नाही का बघायची?” ते म्हणाले, “हवा तर आपण डेपोतच बघून निघतो, ताई.” त्या दिवशी चार तास मला थांबता आले नाही, आणि ते चार तास मी फक्त काकांचा विचार करत होते. काका या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. मला कळले आहे, हे त्यांना सांगावे का? की त्यांनी झाकून ठेवले ते झाकलेलेच राहू द्यावे?
— एक वाहक, वाशीम जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी या सदराच्या संपादक मंडळींना मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचताना दोनदा थांबले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी माझी एक गोष्ट सांगते. २६ जुलै २००५ रोजी मी अंधेरीच्या एका कार्यालयात होते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या आणि आम्ही पंचवीस-तीस माणसे तिसऱ्या मजल्यावर अडकलो. माझी मुलगी सात महिन्यांची होती, डोंबिवलीला सासूबाईंजवळ. रात्री नऊच्या सुमारास मला बसवेना. पान्हा दाटून आला होता, पदर दोन वेळा पिळून झाला होता, आणि आजूबाजूला सगळे पुरुष सहकारी. आमच्या वरिष्ठ लघुलेखिका अतिशय कडक होत्या. टंकलेखनातल्या एका चुकीसाठी त्या पूर्ण पान पुन्हा करायला लावत. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “त्या जुन्या फाइली काढायच्या राहिल्यात ना तुमच्या? आत्ता काढा. आतून कडी लावून घ्या, मी बाहेर बसते.” अभिलेख कक्षाची किल्ली त्यांनी हातात दिली, किल्लीखाली घडी घातलेला धुतलेला नॅपकिन होता आणि त्यांच्या डब्यातली रिकामी वाटी. कसल्याही फाइली काढायच्या राहिल्या नव्हत्या. त्या रात्री तीन वेळा त्यांनी मला ‘फाइली’ काढायला पाठवले आणि तिन्ही वेळा दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या याविषयी काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. त्यांनी झाकले ते मी कशाला उघडायचे, असे मला वाटले, अगदी तुम्हाला वाटते आहे तसेच. पुढे त्या निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी गेल्या. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने विचारले, “आई ऑफिसात फार कडक होती, नाही?” मी तिला ती रात्र सांगितली. ती रडली, मीही रडले. परंतु जिला सांगायचे होते ती तिथे नव्हती.

म्हणून सांगा. निमित्ताचा पडदा त्यांनी धरला होता, तो तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून. तुम्हाला रोज ‘काका, गाडी थांबवा’ असे म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी साडेतीन वर्षे चांगल्या टायरांवर हातोडी मारली. आता संकोच उरलेला नाही, तेव्हा पडद्याचेही काम संपले आहे. निरोप समारंभात मात्र हे बोलू नका. हार-तुरे, भाषणे आणि दहा माणसांच्या टाळ्या यांत ती गोष्ट ठेवू नका. शेवटच्या फेरीला, त्याच पंपावर, ते हातोडी घेऊन खाली उतरले की तुम्हीही उतरा आणि सांगा की मला कळले आहे. त्यापुढे काही सुचले नाही तरी चालेल.

एक व्यवहाराची गोष्टही ध्यानात ठेवा. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी विनामूल्य देणे पंपचालकावर बंधनकारक असते. तिथे थांबणे हा तुमच्यावर कोणाचा उपकार नाही. पुढच्या महिन्यात नवे चालक येतील, त्यांना पहिल्याच दिवशी, गाडी डेपोतून निघण्याआधी, स्वतः सांगा की निम्म्या वाटेवर या पंपावर आपली गाडी सात-आठ मिनिटे थांबेल. वेळापत्रकात ती मिनिटे धरून मिळावीत, असा अर्जही आगार व्यवस्थापकांकडे द्या. तुमच्यानंतर त्या फेरीवर दुसरी कोणी ताई येईल, आणि तिच्या चालकाला सुचेलच असे नाही.

आणि त्या पंपावर जाल तेव्हा एक चौकशी करून पाहा. पंपांवरची स्वच्छतागृहे पुष्कळदा कुलूपबंद असतात. तुमच्या गाडीच्या वेळी ते दार साडेतीन वर्षे उघडे मिळत आले आहे. ते उघडे ठेवायला पहिल्यांदा कोणी सांगितले होते, हे तिथल्या माणसाला विचारा.